मारबतीच्या दिवशी रिलीज करायचा की नाही? नागपूरच्या एका छोट्या गेम स्टुडिओचं प्रकरण

जून २०२४. नागपुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत चालणाऱ्या एका गेम स्टुडिओचा पहिला पीसी गेम पूर्ण होत आला होता. रिलीजची तारीखही कधीच ठरली होती: ३ सप्टेंबर, पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे मारबतीचा दिवस. गेम मारबतीवरचा, तेव्हा दुसऱ्या कुठल्या दिवसाचा विचारच कोणी केला नव्हता. अडचण एवढीच होती, की स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातलं त्यांचं पान उघडून बरेच महिने झाले होते आणि विशलिस्ट, म्हणजे गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची संख्या, चार आकडी व्हायची चिन्हं नव्हती.

स्टुडिओत तिघं. एक प्रोग्रामर, एक चित्रकार आणि तिसरा हिशेब, कागदपत्रं, आवाज, टेस्टिंग असं उरलेलं सगळं सांभाळणारा. हा मिहानमधल्या आयटी कंपनीची नोकरी सोडून आला होता. मी त्या जूनपासून रिलीजनंतरच्या काही महिन्यांपर्यंत त्यांच्या मार्केटिंगचं काम पाहिलं. स्टुडिओचं आणि गेमचं नाव देत नाही. त्यांनी ही हकिगत लिहायला परवानगी दिली ती त्याच अटीवर.

नागपूरबाहेरच्या वाचकांना आधी मारबत सांगायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातले दोन मोठे पुतळे, निघतात. ही प्रथा १८८०च्या दशकापासूनची. त्यांच्या सोबतीला बडगे असतात: बांबू, कागद आणि कापडाचे पुतळे, त्या वर्षी लोक ज्या गोष्टीला कंटाळले असतील तिचे. महागाईचा बडगा असतो, भ्रष्टाचाराचा असतो, रोगराईचा असतो. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी देत मिरवणूक निघते आणि शेवटी हे सगळं जाळून टाकतात.

गेममध्ये हा बडगा खेळणाऱ्याने बांधायचा असतो. वस्तीतला एकेक माणूस येतो आणि आपली पीडा हातात देतो: तुंबलेली नाली, घडीघडी जाणारी लाइट, दोन भावांमधलं वाटणीचं भांडण. प्रत्येक पीडेला वजन आहे, आकार आहे. ती बांबूच्या सांगाड्यावर कुठे बांधायची हे तुम्ही ठरवायचं. मग दोर हातात घेऊन तो डुगडुगणारा पुतळा अरुंद गल्ल्यांतून, लोंबणाऱ्या तारांखालून ओढत न्यायचा. पडला तर सगळ्या पीडा पुन्हा गल्लीत विखुरतात आणि ज्याची त्याच्या दारात जाऊन बसते. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा नालीचा गाळ डाव्या खांद्यावर बांधला आणि वळणावर सगळं कोसळलं. लगेच पुन्हा बांधायला घेतलं. असा 'आणखी एकदा' वाटायला लावणारा गेम विकला जाऊ शकतो, हे तेव्हाच वाटलं होतं.

सत्काराच्या दिवशीची सपाट रेघ

या तिघांनी प्रसिद्धीत कसूर केली होती असं अजिबात नाही. वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी आली होती. कॉलेजने बोलावून शाल-श्रीफळ दिलं होतं. मारबतीच्या मूर्तीवरचं त्यांचं एक रील नागपूरभर फिरलं, त्यावर थोडे पैसे लावून ते आणखी फिरवलं गेलं. खाली कॉमेंटमध्ये 'आपल्या नागपूरचा अभिमान' शेकड्यांनी.

मी स्टीमच्या पाठीमागच्या पानावर विशलिस्टचा रोजचा आलेख उघडला आणि आम्ही चौघं तो दिवसवार पाहत बसलो. बातमीच्या दिवशी रेघ सपाट. सत्काराच्या दिवशी सपाट. रील सगळ्यात जास्त चाललं त्या आठवड्यात एक बारीकसा उंचवटा. प्रोग्रामर म्हणाला, "मंग एवढे लोक पाहून राहिले, ते जाऊन कुठं राहिले?"

याचं उत्तर शोधता येण्यासारखं होतं. स्टीम प्रत्येक लिंकला वेगळी यूटीएम खूण लावू देतं. कोणत्या खुणेवरून किती जण पानावर आले आणि त्यांतल्या किती जणांनी विशलिस्टमध्ये टाकलं, हे नंतर दिसतं. रीलसाठी आम्ही अशी वेगळी लिंक लावली. लोक येत होते, पण फोनवरून. फोनच्या ब्राउझरमध्ये स्टीमचं लॉगिन नसतं, बहुतेकांचं तर स्टीमवर खातंच नसतं. नागपुरात गेम खेळणारा तरुण बहुतांशी बीजीएमआय खेळतो, फोनवर आणि फुकट. त्याने पान पाहिलं, छान वाटलं, 'फोनवर कधी येईल भाऊ?' असं विचारलं आणि पुढे गेला. त्याचा काही दोष नाही. तो या गेमचा गिऱ्हाईकच नव्हता.

मला त्या सत्काराची किंमत कमी करायची नाही. चित्रकार ताईच्या वडिलांनी त्या बातमीचं कात्रण दुकानात काउंटरमागे लावलं आणि 'पोरीने नोकरी पाहावी' हा विषय घरात बंद झाला. तिघांना आणखी वर्षभर काम करायची मोकळीक त्यातून मिळाली, आणि छोट्या स्टुडिओला वेळेइतकं दुसरं काही महाग नसतं. पण हे विक्रीच्या वहीत मांडायचं नाही. त्याची वही वेगळी.

विशलिस्टवर इतका जोर का, हेही सांगतो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. एवढ्या गर्दीत स्टीम कोणाला पुढे करेल? ज्याच्यासाठी लोक आधीच थांबलेत त्याला. रिलीजच्या दिवशी विशलिस्टवाल्यांना ईमेल जातो, पुढे २० टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा जातो. रिलीजच्या आधी 'पॉप्युलर अपकमिंग' या यादीत नाव लागावं यासाठी साधारण सात हजार विशलिस्ट हव्यात, असा अंदाज इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र गेमवाल्यांमध्ये रूढ आहे. स्टीम असा कोणताही आकडा जाहीर करत नाही, पण आपण किती दूर आहोत हे समजायला तो पुरे. आम्ही फार दूर होतो.

पान

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे, आणि यावर एक पैसाही खर्च झाला नाही.

आधी कॅप्सूल, म्हणजे दुकानात सगळीकडे दिसणारं ते छोटं चित्र. ताईने पिवळ्या मारबतीचं अप्रतिम चित्र काढलं होतं: अंधाऱ्या गल्लीत मशालींच्या उजेडात उभी मूर्ती, वर देवनागरीत सुलेखन केलेलं नाव. मोठ्या पडद्यावर अंगावर काटा यावा असं. मग आम्ही ते चित्र स्टीमच्या सर्वात छोट्या कॅप्सूलच्या मापात केलं, शोधयादीचा एक स्क्रीनशॉट घेतला आणि इतर गेमच्या चित्रांमध्ये ते चिकटवून फोनवर पाहिलं. एक पिवळा डाग दिसत होता. मशाली गेल्या, गल्ली गेली, अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींत मिसळून एक जाड पट्टा झाला. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तर पोस्टर आहे. मी पाटी काढायची सोडून पोस्टर काढलं."

नव्या चित्रात मूर्ती नव्हती. तिरका झुकलेला, पडेल की काय असा बडगा होता, त्याच्या अंगावर मच्छर, विजेचा खांब, कर्जाची वही असं काहीबाही बांधलेलं, आणि खाली दोर ओढणारी चिमुकली माणसं. मागे सपाट निळा रंग. नाव जाड अक्षरांत. त्यांना एका स्पर्धेत मिळालेल्या पारितोषिकाचं चिन्हही कोपऱ्यात टाकायचं होतं, ते नियमातच बसत नव्हतं. सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचं नाव आणि चित्र याखेरीज पुरस्कार, समीक्षकांची वाक्यं, सवलतीची जाहिरात असं काही चालत नाही.

ट्रेलरचंही तसंच. स्टुडिओचा लोगो, मग ढोल, मग काळ्या पडद्यावर परंपरेची माहिती देणारी चार वाक्यं, मग मूर्तीवरून हळूहळू फिरणारा कॅमेरा, आणि इतकं झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी दोर ओढतं. दुकानात फिरणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. आम्ही सुरुवात दोर ओढण्यापासूनच केली: बडगा वळणावर झुकतो, तारेला अडकतो, सुटतो, आणि धाडकन पडतो. लोगो शेवटी. ढोल ठेवला, पण तो पडण्याच्या क्षणी बंद होतो आणि एका म्हातारीचा आवाज येतो, "घे, आली परत माह्याच दारात!" खाली भाषांतराची ओळ. हा आवाज प्रोग्रामरच्या आजीचा. मे महिन्यात रेकॉर्ड केलेला, कूलर बंद करून, त्यामुळे आजीचा खराखुरा वैताग त्यात उतरला आहे.

मग छोटं वर्णन. जुनं वर्णन परंपरा, वारसा, अनुभव अशा शब्दांनी भरलेलं होतं. खेळणारा काय करणार, हे त्यात कुठेच नव्हतं. नवं असं केलं: गावाची संकटं एका डुगडुगत्या पुतळ्यावर बांधा आणि तो पडायच्या आत त्याला ओढत गावाबाहेर न्या. टॅगही बदलले. 'इंडी', 'कॅज्युअल', 'अ‍ॅडव्हेंचर' असले सगळ्यांनाच लागू होणारे टॅग मागे टाकून फिजिक्स, पझल, बिल्डिंग, विनोदी हे पुढे आणले. टॅगांवरून स्टीम ठरवतं की तुमचा गेम कोणत्या गेमच्या पानाखाली 'यासारखे आणखी' म्हणून दाखवायचा. टॅग चुकीचा असेल तर गेम चुकीच्या माणसांसमोर जातो, आणि ती माणसं पाहून निघून जातात.

इथे खरा वाद झाला. ताईचं म्हणणं होतं, "दादा, हे सगळं बरोबर आहे, पण मग यात मारबत कुठं राहिली? असा गेम तर कोणीही कुठंही बनवला असता." तिचा मुद्दा हलका नव्हता. ज्या गोष्टीसाठी तिघांनी ही वर्षं घातली तीच पानावरून खाली सरकत होती. मी माझी बाजू पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'चं उदाहरण देऊन मांडली. त्यांची किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये उद्दिष्टापर्यंत पोचली नाही, तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला. तो पुराणकथांवरचा आहे हे जगाला कळलं, पण विकत घेणाऱ्याला आधी हे कळलं होतं की हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे, यात एक मुलगी राक्षसांशी लढते. हाताला काय करायचं ते आधी, कोणाची कथा ते त्याला लागून.

शेवटी ताईनेच मार्ग काढला. तिने दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये वस्तीतली माणसं आणि त्यांच्या पीडा जवळून दाखवल्या, आणि सविस्तर वर्णनात खऱ्या मिरवणुकीबद्दल एक परिच्छेद लिहिला, स्वतः लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेल्या मारबतीचा. पुढे परदेशी खेळाडूंच्या परीक्षणांत तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा आठवला गेला. लोक दोर ओढायला आले आणि मारबत समजून घेऊन गेले. मारबत पानावर शिल्लक राहिली ती ताईच्या हट्टामुळे, हे मी मुद्दाम नोंदवतो.

तारीख

३ सप्टेंबर सोडायला तिघांपैकी कोणीच तयार नव्हतं, आणि मला ते समजत होतं. पण स्टीमचा नेक्स्ट फेस्ट १४ ते २१ ऑक्टोबरला होता. या फेस्टमध्ये रिलीज न झालेल्या गेमचे मोफत डेमो मांडले जातात, आणि एका गेमला तो आयुष्यात एकदाच मिळतो. ३ सप्टेंबरला रिलीज केलं की ही संधी कायमची गेली. नावनोंदणीची मुदत फेस्टच्या बरीच आधी संपते, त्यामुळे निर्णय तेव्हाच घ्यायचा होता.

तोडगा योगायोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीकडूनच आला. जुलै २०२४ मध्ये त्यांनी डेमोसंबंधीचे नियम बदलले आणि डेमोला स्वतःचं वेगळं पान देण्याची सोय केली. म्हणजे डेमो हीच एक छोटी रिलीज करता येत होती. ठरलं: मारबतीच्या दिवशी डेमो, ऑक्टोबरमध्ये फेस्ट, दिवाळीनंतर गेम. नागपूरचा मान नागपूरच्या दिवशी राहिला आणि बाजाराचं गणित बाजाराच्या दिवशी.

दिवाळीनंतर म्हणजे नेमकं कधी, यावर हिशेबवाल्या भावाने कॅलेंडर घेऊन केलेलं काम मला फार आवडलं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला. ५ नोव्हेंबरला अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, त्या आठवड्यात तिकडे कोणी गेमची बातमी वाचणार नाही. २७ नोव्हेंबरला स्टीमचा ऑटम सेल, तेव्हा मोठमोठे जुने गेम निम्म्या किमतीत, त्यात नवा गेम बुडणार. १९ डिसेंबरला विंटर सेल. नियम असा, की रिलीजची सूट संपल्यावर तीस दिवस दुसरी सूट देता येत नाही, मोसमी सेलमध्येसुद्धा. विंटर सेलमध्ये २० टक्के सूट देऊन विशलिस्टवाल्यांना दुसरा ईमेल जायला हवा असेल, तर रिलीजची सूट १८ नोव्हेंबरपर्यंत संपली पाहिजे. म्हणून रिलीज सोमवारी, ११ नोव्हेंबरला, सूट सात दिवसांची. एक आठवडा उशीर केला असता तर वर्षातला सगळ्यात मोठा सेल हातातून गेला असता.

किंमत

इथे भावना आणि गणित समोरासमोर आले. प्रोग्रामरचं म्हणणं, भारतात नव्व्याण्णव रुपये ठेवू, आपल्या पोरांना परवडलं पाहिजे. आम्ही कागदावर मांडलं. स्टीमवरची भारतातली किंमत १८ टक्के जीएसटी धरून असते. ९९ रुपयांतून कर वजा केला की सुमारे ८४ उरतात. त्यातले ३० टक्के स्टीमचे. स्टुडिओकडे साधारण ५९ रुपये. रिफंड त्यातून आणखी वजा. ३४९ रुपये ठेवले तर हाच हिशेब सुमारे २०७ रुपयांवर येतो. आणि नव्व्याण्णव ठेवल्याने फोनवर खेळणारा पोरगा पीसीवर येणार होता का? आलेख सांगत होता, नाही. शेवटी ३४९ ठरले.

अमेरिकेतल्या विक्रीचा हिशेब वेगळा. दहा डॉलरच्या विक्रीतून स्टीमचे तीन गेले, उरले सात. त्यावर अमेरिका उगमापाशी कर कापते, सरसकट दर ३० टक्के, पण भारताशी असलेल्या करारामुळे रॉयल्टीवर १५. त्यासाठी स्टीमच्या कर-मुलाखतीत, म्हणजे करासंबंधीच्या ऑनलाइन प्रश्नावलीत, योग्य फॉर्म भरावा लागतो आणि पॅन द्यावा लागतो. तो नीट भरला तर सातातून १ डॉलर ५ सेंट जातात, नाही भरला तर दुप्पट. हा अर्धा तास भरून निघणारा आहे, आणि तो सीएला शेजारी बसवूनच घालवावा असं माझं मत आहे. भारतात आयकर भरताना त्या कापलेल्या कराचा दावा करता येतो, पण कागद हातात असले तरच.

व्हिडिओ करणारी माणसं

एका नावाजलेल्या भारतीय स्ट्रीमरला विचारून पाहिलं. त्याच्या माणसाने सांगितलेलं मानधन स्टुडिओच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं होतं, आणि त्याचे प्रेक्षक ते फोनवाले. सोडून दिलं.

त्याऐवजी ताईने आणि मी मिळून असे यूट्यूबवाले शोधले, जे डुगडुगणारे, कोसळणारे, हसवणारे फिजिक्सचे गेम आधीपासून खेळतात, मग ते ब्राझीलचे असोत की पोलंडचे. चॅनल छोटं चालेल, आवड जुळली पाहिजे. प्रत्येकाला वेगळं पत्र, त्याच्या कोणत्या व्हिडिओवरून आम्हाला तो आठवला हे लिहून, सोबत बडगा पडतानाची पाच सेकंदांची जिफ आणि डेमोची लिंक. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी दिलं, आणि त्यांच्यातल्या एकाने केलेला व्हिडिओ आलेखावर वर्तमानपत्राच्या बातमीपेक्षा कितीतरी उंच दिसला.

इथे नव्या स्टुडिओंनी एक सांभाळावं. पान उघडलं की इनबॉक्समध्ये 'आम्ही मोठे क्युरेटर आहोत, चार-पाच कीज पाठवा' अशी पत्रं येऊ लागतात. क्युरेटर म्हणजे स्टीमवर गेमची शिफारस करणारे, आणि की म्हणजे गेम फुकट चालू करून देणारा कोड. त्यांतली बहुतेक खोटी. की घेऊन ती दुसरीकडे विकायची, हा धंदा आहे. पत्राचा पत्ता आणि चॅनलवर दिलेला पत्ता अक्षरन् अक्षर जुळतो का ते पाहावं. क्युरेटरला द्यायचं असेल तर स्टीमची क्युरेटर कनेक्ट ही सोय आहे, तिच्यातून कीज बाहेर जातच नाहीत.

रिलीज

स्टीमचा दिवस पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी दहाला बदलतो. नोव्हेंबरात ती आपली रात्रीची साडेअकरा. बटण दाबलं तेव्हा खोलीत तिघांचे घरचे लोकही होते.

पहिलं उद्दिष्ट विक्रीचं नव्हतं, दहा परीक्षणांचं होतं. दहा खरेदीदारांनी परीक्षण लिहीपर्यंत पानावर 'पॉझिटिव्ह' असा एकत्रित शेरा येत नाही, आणि तो नसेल तर अनोळखी माणूस बिचकतो. मित्रांना फुकट कीज देऊन परीक्षणं लिहून घेऊ, ही सूचना बाहेरून आली होती. ती कामाची नाही: कीवरून चालू केलेल्या गेमचं परीक्षण दिसतं, पण गुणांत धरलं जात नाही. शिवाय ते गैर आहे. डेमो खेळलेल्यांनीच दहाचा आकडा दुसऱ्या दिवशी पार करून दिला.

नेक्स्ट फेस्टच्या आठवड्यात विशलिस्टमध्ये जी भर पडली ती त्याआधीच्या सगळ्या महिन्यांच्या बेरजेहून जास्त होती. तरीही सात हजारांचा टप्पा गाठला गेला नाही आणि 'पॉप्युलर अपकमिंग'मध्ये नाव लागलं नाही. विकत घेणाऱ्यांत अमेरिका पहिली, जर्मनी आणि ब्राझील बऱ्यापैकी वर, भारत बराच खाली. गेम गाजला असं मी म्हणणार नाही. तिघांना पुढच्या गेमवर नोकरी न करता काम सुरू करता आलं, एवढे पैसे आले. पहिल्या गेमसाठी हे फार मोठं आहे, आणि ते मी पूर्ण समाधानाने लिहितो.

सगळ्यात उपयोगी माहिती रिफंडमधून आली. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, आणि परत करताना लिहिलेलं कारण स्टुडिओला दिसतं. कारणं वाचल्यावर दोन ढीग पडले. काहींना गेम छोटा वाटला; त्याला इलाज नव्हता. दुसऱ्या ढिगात तिसरी गल्ली होती. तिथे गर्दी वाढली की जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळत होता. प्रोग्रामरच्या मशीनवर ते कधी दिसलंच नव्हतं. त्याने इतवारीतल्या चुलतभावाचा जुना लॅपटॉप आणला, गर्दीतली माणसं दूर गेली की साधी चित्रं वापरायची असा बदल केला, अपडेट टाकलं आणि ज्यांनी परीक्षणात ही तक्रार लिहिली होती त्या प्रत्येकाला उत्तर दिलं. त्यांतल्या काहींनी आपला शेरा बदलला. विंटर सेलचा दुसरा ईमेल गेला तेव्हा पान सुधारलेलं होतं.

बँक आणि फोन

पैसे महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीस डॉलरमध्ये बँकेत येतात. पहिल्या वेळी बँकेतून फोन आला: गेमचे पैसे म्हणजे रमी-बिमी तर नाही? ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २८ टक्के जीएसटी लागला होता, तेव्हापासून 'गेम कंपनी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने कायदा करून पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. विकत घेऊन खेळायचा गेम त्यात येत नाही, पण हे प्रत्येक टेबलावर समजावून सांगावं लागतं. हिशेबवाल्या भावाने त्यासाठी एक फाइलच केली आहे: स्टीमशी झालेला करार, गेमच्या पानाची छापील प्रत, निर्यातीवर जीएसटी न भरता व्यवहार करता यावा म्हणून दिलेलं एलयूटी हे हमीपत्र, आणि 'या गेममध्ये पैसे लावले जात नाहीत, जिंकलेही जात नाहीत' असं एक साधं मराठी पत्र. हे पत्र मी इतर स्टुडिओंनाही करून ठेवायला सांगतो.

राहिला तो नागपूरकरांचा प्रश्न, फोनवर कधी. तिघांनी त्याचा मनापासून विचार केला. गूगल प्लेवर नोंदणी २५ डॉलर, पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर वाटा १५ टक्केच, म्हणजे स्टीमच्या निम्मा. पण तिथे विकत घेऊन खेळायची सवय नाही. फुकट द्यायचा तर मध्ये जाहिराती हव्यात, किंवा वस्तू विकायला हव्यात, आणि बडगा पडल्यावर 'तीस सेकंदांची जाहिरात पाहा आणि दोर परत मिळवा' असं काही करायला ताई तयार नाही. बोटाने दोर ओढणं मात्र माउसपेक्षा छान जमतं, हे एका जुन्या फोनवर करून पाहिलं आहे. सध्या ठरलं आहे ते असं: दुसऱ्या गेमचं स्टीम पान पहिली गल्ली तयार होताच उघडायचं, आणि पहिल्या गेमच्या फक्त तीन गल्ल्या फोनवर मोफत द्यायच्या, जाहिरातीविना, पुढच्या मारबतीला, नागपूरसाठी. त्याचा खर्च विक्रीच्या नव्हे, दुसऱ्या वहीत लिहायचा, असं हिशेबवाल्या भावाने स्वतःहून सांगितलं.